जमिनीवर ठेवलेला स्पीकर

४ मार्च

चि. धाकटीस अ. उ. आ.

इकडे सर्व क्षेम, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. खरं म्हणजे घरात काहीतरी शिजतंय आणि ते तुझ्याशिवाय कोणाला सांगावं कळत नाही.

माझ्या रेगे संगीताच्या रेकॉर्डी तुला ठाऊकच आहेत. सगळ्या पहिल्या काळातल्या. संथ चाल, एकमेकांना सांभाळून घेणारे तीन गळे, मागे पितळी वाद्यं. चष्म्याचं दुकान बंद करून मी घरी आलो की तुझी वहिनी आणि मी रोज एक बाजू ऐकतो. लग्नानंतर हा नेम कधी मोडला नाही. आणि तो खुर्चीवालाही तुला आठवत असेल, खुर्च्यांना गाद्या नि कापड बसवतो तो. त्याला नंतरचा काळ प्रिय. म्हणजे ढोलवाल्याला घरी पाठवून मशीन बसवलं, एकच जाड ठेका तासभर घुमतोय आणि वर कोणीतरी भरभर बडबडतोय, तो काळ. आमच्या रविवारच्या बैठकीत मी त्याला पाण्याचा पंप म्हणालो, त्याने माझ्या गाण्यांना झोपेची गोळी म्हटलं. तेव्हापासून बोलणं बंद आहे.

आता ऐक. परवा मी माझ्या लाडक्या रेकॉर्डच्या कव्हरात हात घातला, तर आत त्या पंपवाल्यांपैकी एक निघाली! माझी रेकॉर्ड दुसऱ्याच कव्हरात कोंबलेली. शिवाय फडताळावरचा एक स्पीकर जमिनीवर उतरवलेला आणि बेसचं बटण शेवटपर्यंत फिरवलेलं. वहिनीला विचारलं, तर म्हणे झाडताना खाली ठेवला. झाडताना बटण फिरतं होय?

डोळे उघडे ठेवले आहेत. आशीर्वाद आहेतच, ते नीट सांभाळ.

तुझा,
दादा

११ मार्च

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी पोट धरून हसले. लोकांच्या नवऱ्यांना बायकोच्या पर्समध्ये चिठ्ठ्या सापडतात, तुला कव्हरात चुकीच्या दशकातली रेकॉर्ड सापडली. वहिनीला कंटाळा आला असेल रे! इतकी वर्षं रोज तेच तीन गळे. मी असते तर केव्हाच बाजू बदलली असती.

पण छापखान्यात दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायची सवय, म्हणून एक गोष्ट खटकते. वहिनी हल्ली माझ्याशी फोनवर बोलत नाही. मागच्या वेळी मी गुडघा दुखतोय म्हणाले, तर हो हो, या ना सुट्टीत, म्हणाली आणि फोन ठेवला. घाईत होती म्हणून मी सोडून दिलं. आता तुझं वाचल्यावर वाटतं, तिच्या जवळ कोणी बसलेलं होतं का? असं लिहायला नको होतं. पण लिहिलंय, आता खोडत नाही.

तिलाही वेगळं पत्र टाकलं आहे. तू उगाच आदळआपट करू नकोस. माझ्यावरची माया कमी होऊ देऊ नकोस.

तुझी,
धाकटी

१७ मार्च

प्रिय वन्सं यांस स. न.

तुमचं पत्र आलं. फोनपेक्षा पत्रच बरं, तुमचं अक्षर मला फार आवडतं. यापुढे लिहीतच जा.

घरात कोणी येतं का, असं तुम्ही आडून आडून विचारलं आहे. खुर्चीवाले येतात. आपल्या जुन्या बाकाचं काम काढलं आहे. ह्यांना सांगितलं नाही, कारण त्यांचं नाव काढलं की हे जेवत नाहीत. बाक पूर्ण झाला की मीच सांगेन. तोवर तुम्हीही सांगू नका, एवढं माझं ऐका.

रेकॉर्डींचं म्हणाल तर माणसाची आवड बदलते. त्यात काय एवढं? गुडघ्याला शेक देताय ना? ह्यांनी सांगितलं दुखतोय म्हणून.

तुमचा लोभ राहो,
वहिनी

२१ मार्च

चि. धाकटीस अ. उ. आ.

तू पत्र टाकलंस, तिने उत्तर दिलं आणि उत्तरात काय आहे ते तू मला कळवत नाहीस. फक्त धीर धर म्हणतेस. म्हणजे तूही तिला सामील!

ऐक तर मग. बैठकीच्या खोलीत लाकूड चिकटवायच्या सरसाचा वास येतो. तो वास या गावात एकाच माणसाच्या कपड्यांना आहे. काल माझ्या तळव्यात बारीक खिळा घुसला, गादीला ठोकतात तसला. आणि शेजारच्या मास्तरीणबाई मला म्हणाल्या की दुपारी तुमच्याकडे फार जोरात गाणी लागतात, भिंत हलते. दुपारी मी दुकानात असतो!

आधी वाटलं, हा माझ्या जुन्या रेकॉर्डींवर डोळा ठेवून आहे. सगळ्या मोजून पाहिल्या, एकही कमी नाही. मग तो कशासाठी येतो? रेकॉर्डींसाठी येत असता तर मला झोप लागली असती.

संध्याकाळी आम्ही अजून ऐकतो. मी म्हणतो, काय गायलाय! ती हसून मान हलवते. पूर्वी ती वाद घालायची, तिघांतल्या मधल्याने सूर उशिरा घेतला म्हणायची. आता प्रत्येक गाणं चांगलं. धाकटे, इतकं गोड वागणं मला सोसत नाही.

उद्या दुपारी दुकान बंद ठेवणार आहे. नको म्हणू नकोस, पत्र मिळेपर्यंत उद्या होऊन गेलेला असेल.

दादा

२५ मार्च

चि. धाकटीस अ. उ. आ.

मी मागच्या दाराने घरात शिरलो. कपाटातले पेले थरथरत होते. बैठकीच्या खोलीत एरवी अडगळीत पडलेला आपला जुना बाक होता, त्याची गादी उसवलेली, नुसतं लाकूड. खाली खोका ठोकून त्यात माझा स्पीकर बसवलेला. खुर्चीवाला गुडघ्यांवर बसून एक फळी आवळत होता. बाकावर तुझी वहिनी. डोळे मिटलेले, दोन्ही तळवे लाकडावर टेकलेले आणि चेहऱ्यावर असा आनंद की तो मी किती दिवसांत पाहिला नव्हता.

मी ओरडलो. काय ओरडलो ते लिहीत नाही. खुर्चीवाला दचकून वळला. ती वळली नाही. गाणं मोठं आहे म्हणून असेल, असं समजून मी सुई उचलली आणि तिला नावाने हाक मारली, तिच्या पाठीशी उभं राहून. खोली एकदम गप्प. ती वळली नाही. लाकूड का थांबलं म्हणून तिने डोळे उघडले, आणि मग मी दिसलो.

तिचे कान जाऊन वर्ष होऊन गेलं म्हणे. आधी बारीक आवाज गेले, मग माणसांचे. डॉक्टरने स्पष्ट सांगितलंय की गेलेलं परत येणार नाही. कानाला मशीन लावून पाहिलं, तर सगळे गळे पत्र्यासारखे लागतात. खुर्चीवाल्याकडे ती उशी शिवायला गेली होती. तिथे फळ्यांच्या जमिनीवर त्याचा तो ठेका चालला होता. तो तिच्या पायांतून वर आला आणि ती तिथेच रडायला लागली. त्याने ओळखलं. मी ओळखलं नाही. समोर बसून ती माझे ओठ वाचत होती, आणि मी समजत होतो की बायको टक लावून बघतेय.

मला का सांगितलं नाहीस, विचारलं. म्हणाली, तुम्हीच बैठकीत म्हणाला होतात की ज्याचे कान गेले त्यालाच ते संगीत आवडेल. आणि कळलं असतं तर तुम्ही माझी दया येऊन रेकॉर्डी लावणंच बंद केलं असतं.

मी केलं असतं, धाकटे. ती मला ओळखून आहे.

राग गेला असं समजू नकोस. त्या हसऱ्या माना आठवतात आणि प्रत्येकीबद्दल शंका येते, ही खरी होती की खोटी? शेवटचं नीट काय ऐकलंस, म्हणून विचारलं. तिने ती तिघांचीच रेकॉर्ड काढून हातात दिली. मधल्याचा सूर तिथेही उशिरा येतो, असं म्हणाली.

पुढचं तीच लिहिणार आहे. माझे आशीर्वाद, आणि गुडघा दाखवून घे.

दादा

९ एप्रिल

प्रिय वन्सं यांस स. न.

तुमच्यापासून लपवलं, त्याचा राग मानू नका. आता फोन केलात तर हे घेतील आणि ओरडून मला सांगतील. सध्या सगळ्या गल्लीला आमच्या घरच्या बातम्या कळतात.

हे स्वतः खुर्चीवाल्यांच्या दुकानात गेले. क्षमा मागायला गेले होते, भांडून आले. खऱ्या ढोलानंतर रेगे संपलं, असं ह्यांचं म्हणणं. त्यांनी उत्तर दिलं की तेव्हा कुठे त्याला पाय फुटले. तिथे आलेल्या मास्तरीणबाईंनी दोघांना आवरलं. पण येताना ह्यांच्या हातात त्या पंपवाल्यांची पिशवीभर रेकॉर्डी होत्या. संध्याकाळी एक लावली आणि कडू औषध घ्यावं तसं तोंड करून माझ्या शेजारी बाकावर बसले. मी उठवायला गेले तर म्हणाले, बाजू संपू दे.

आता खुर्चीवाले बाकाची पाठ बसवायला येतात, तेव्हा हे दुकान सोडून घरी येतात. आम्हा दोघांच्या मध्ये खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचत बसतात. परवा तासभर पान उलटलं नाही. खुर्चीवाले बिचारे खिळे मागायलासुद्धा घाबरतात. सगळं कळून चुकलं, तरी ह्यांचा संशय काही पुरता जात नाही.

मी ह्यांना समजावत नाही. या वयात नवऱ्याने आपल्यावर पहारा ठेवावा, याचं मनातून फार बरं वाटतं. हे मात्र तुमच्या दादांना कळवू नका.

लिहीत राहा, तुमच्यावर माझा जीव आहे.

वहिनी