फितीच्या अलीकडे

धार, ४ जानेवारी १९०९

पगडी शर्यतीत पहिली आली होती – एवढी साधी गोष्ट नव्या प्रिन्सिपालसाहेबांना पटवता पटवता आज घसा बसला!

साहेब पुण्याचे, कोवळे, चष्मेवाले. कॉलेजच्या दारात शिळा बसवायची, शंभर यार्डांच्या धावेत आजवर जे जे पहिले आले त्यांची नावे तिच्यावर कोरायची, असे मनात घेतले आहे. इतिहास मी सांगायचा. कारण त्या वेळचा शुद्धीवर असलेला माणूस मीच. (ही म्हणते, "शुद्धीवर? हे कोणी ठरवलं?")

"पगडी धावली?" साहेब.

"छे! गणपत हुजऱ्याने तबकात धरली होती. तो चालत होता."

"आणि बाकीचे विद्यार्थी?"

"त्याच्या मागून धावत होते. हळू."

जयसिंगरावांना त्या दिवशी ताप होता. सरदाराचा मुलगा आजारी पडेल. त्याचा मान कसा आजारी पडेल? नवरदेवाच्या जागी लग्नाला तलवार जाते, तशी धावेला पगडी गेली. यात न समजण्यासारखे काय आहे?

शिळेच्या माथ्यावर माझी कविता हवी. टांग्यातच भुजंगप्रयाताची एक ओळ सुचली –

पळाला पुढे तो तया वंदितो मी

सुरेख! दुसरी ओळ मात्र येत नाही. जयसिंगराव हे नाव या वृत्तात बसत नाही. ते स्वतःही हल्ली कुठल्या खुर्चीत बसत नाहीत म्हणा.

७ जानेवारी

इतिहास सांगितला. साहेबांनी चष्मा काढून ठेवला.

आमच्या वेळी मानकऱ्याच्या पुढे पाऊल टाकायचे नाही, हा रिवाज. धावेत तरी टाकायचे कसे? म्हणून जयसिंगराव जितकी वर्षे कॉलेजात, तितकी वर्षे पहिले. त्यांनी कॉलेज सोडल्यावर एकदा कोणीच सरदारपुत्र नव्हता, नुसती आम्ही कारकुनांची पोरे. सगळी फितीपाशी पोचलो आणि थांबलो. "आपण आधी." "भलतंच, आपण!" दिवेलागणीपर्यंत हेच. शेवटी रुप्याचा पेला फीत धरणाऱ्यालाच दिला.

आणि आमच्यातलाच श्रीपाद! अहाहा! सुटला की धोतराचा सोगा मागे राहावा आणि हा पुढे जावा. फितीपासून हातभर अलीकडे गपकन थांबायचा. मान वळवून मागे बघायचा. जयसिंगराव फुसफुसत आले की कमरेत वाकून – "आपण आधी, सरकार." मी गोफण पाहिली आहे, घार पाहिली आहे. तसे पळणे पुन्हा पाहिले नाही.

"पण फीत त्यांनी कधी तोडली?" साहेबांनी विचारले.

कधीच नाही.

"मग शिळेवर त्यांचं नाव नाही."

आणि पगडीचे आहे!

८ जानेवारी

जेवलो नाही. ही म्हणाली, "पगडीवर रुसून पोट भरणार आहे का?"

उमाशंकर पाथरवट येऊन गेला. छिन्नी कानामागे. "मास्साब, पगड़ी को नाम भी खोदूँ कईं?" पगडीचेही नाव कोरू का म्हणे! मी दार लावून घेतले.

९ जानेवारी

सुचले! बक्षीससमारंभाच्या दिवशी जुन्या खेळाडूंची एक धाव. जयसिंगराव आणि श्रीपाद. श्रीपादाने एकदा, एकदाच फीत तोडायची – नाव शिळेवर. साहेबांना मान्य. जयसिंगरावांना निरोप गेला, उत्तर आले, "पगडी नको. या खेपेस आम्ही जातीने येऊ."

१४ जानेवारी, देवास

एका देवासात दोन राजे, दोन राज्ये: श्रीपादाचे घर थोरल्या पातीत, विहीर रस्त्यापलीकडे, म्हणजे धाकट्या पातीत. अंघोळीला बापडा रोज परराज्यात जातो. दात गेले, बोलणे निम्मे हिंदी झाले. सून चारुलता ताक घेऊन आली. मी बेत सांगितला तर हसून लोटपोट.

"चिंत्या, भिया, अब क्या दौडूँ! माझे गुडघे थोरल्या पातीचे, पावलं धाकट्या पातीची. एकमेकांचा हुकूम मानत नाहीत."

मी समजावले, रागावलो, ती भुजंगप्रयाताची ओळही म्हटली. शेवटी उठून जाऊ लागलो तेव्हा तो ताकाच्या पेल्यात बघत म्हणाला,

"ती फीत छातीला लागते ना... ती कशी लागते रे?"

मला तरी काय ठाऊक!

"येतो," म्हणाला.

"थांबायचं नाही. वळून बघायचं नाही. शपथ?"

"शपथ."

२० जानेवारी, धार

आता काय लिहू!

बाग गावाहून आणलेल्या छापील कापडाची फीत – तांबडी, काळी वेलबुट्टी. सारे कॉलेज गोळा. जयसिंगराव पालखीतून उतरले. बार झाला. आणि श्रीपाद सुटला! गुडघे वाजत होते, पण आतून तोच मुलगा सुटला. माझ्या डोळ्यांना धारा. मी ओरडत होतो – "थांबू नकोस! थांबू नकोस रे!"

हातभर अलीकडे थांबला. वळून पाहिले.

जयसिंगराव बऱ्याच वेळाने आले. आणि तेही थांबले!

"श्रीपादपंत, आज आपण."

"काहीतरीच, सरकार!"

"जन्मभर तुम्ही आम्हाला पुढे केलंत. आम्हाला काय डोळे नव्हते? चला, व्हा पुढे. हुकूम आहे!"

"हुकूम शिरसावंद्य. पण आधी आपण."

साहेबांनी शिट्टी फुंकली. पुन्हा फुंकली. मग चहा आला. मग दोघांना फितीपाशी खुर्च्या आणल्या (जयसिंगरावांना बाक). फीत धरणाऱ्यांचे हात भरून आले तेव्हा माणसे बदलली. पोरांनी टाळ्या पिटल्या, मग शिट्ट्या मारल्या, मग भूक लागून घरी गेली. गार वारा सुटला. साहेबांनी फीत गुंडाळून बगलेत मारली.

"शपथ घेतली होतीस!" मी म्हणालो.

"मागे सरकार धापा टाकत होते, चिंत्या. पाय पुढे गेलाच नाही."

२१ जानेवारी

उमाशंकर : "मास्साब, फेर कईं खोदूँ?"

म्हटले, थांब.

२४ जानेवारी

जयसिंगरावांच्या छातीत त्या वाऱ्याने कफ भरला. वैद्यांनी मान हलवली. गंगेचे पाणी काढून ठेवले आहे.

श्रीपाद देवासला परत जायला तयार नाही. उतरला आहे आमच्याकडे, दिवसभर मात्र त्यांच्या पायथ्याशी. त्यांना ठसका लागला की हा पिकदाणी पुढे करतो. संध्याकाळी जेवताना म्हणाला, "त्यांच्याआधी कसा जाऊ रे?" देवासलाच म्हणत होता. मी हसलो. तोही हसला, भात जरा जास्तच खाल्ला.

२५ जानेवारी

जयसिंगराव आज उठून बसले. चहा मागितला.

श्रीपाद सकाळी उठलाच नाही. आमच्याच पडवीत, कुशीवर. मी जाऊन त्यांना सांगितले. कप खाली ठेवून म्हणाले, "मास्तर, आता कोरा त्याचं नाव."

वळूनसुद्धा पाहिले नाही लेकाने.