शिट्टी झाल्यावरही

३ नोव्हेंबर, सोमवार
खालचा ओठ फुटला. चार टाके. डॉक्टरने विचारलं, कोणी मारलं? म्हटलं, मीच मारलं, रग्बीत एकीला पाडताना तिचं डोकं लागलं. त्याला काही हसू आलं नाही.
आज तिघींना आडवं केलं. सर पुन्हा तेच, "पकड़ा, गिराया, अब छोड़. ये कबड्डी नहीं है." सर जबलपूरचे, मराठी येत नाही, पण मला सगळे 'पक्कड' म्हणतात ते त्यांना पाठ आहे. नाव बाबांनी ठेवलेलं. सात वर्षांची होते तेव्हापासून अंगणात घोटा धरायला लावायचे. सुटला की पाठीत धपाटा. कबड्डीत धरलं की समोरच्याचा दम संपेपर्यंत सोडायचं नाही. रग्बीत समोरची पडली की हात लगेच काढायचे. माझी बोटं तेव्हाच जास्त आवळतात. काय करू.

६ नोव्हें.
नोटीस लागली. राज्याच्या कॅम्पला आमच्या क्लबमधून एकच जाणार. म्हणजे मी नाहीतर हेमा. रविवारी आपसात मॅच, त्यावर ठरेल.
हेमा कटंगीची, दीड वर्षापासून बालाघाटला आम्ही एका खोलीत. पळायला लागली की कुणाच्या हाती लागत नाही. माझ्याच लागते, कधीकधी. भाजी निवडता निवडता म्हणाली, "तू गेली काय अन् मी गेली काय, सारखंच हाय."
तिला खरंच तसं वाटतं. मला वाटत नाही. कॅम्प मला पाहिजे.

९ नोव्हें., रवि.
हेमाचा पाय मोडला. माझ्या हातात.

१० नोव्हें.
काल लिहवलं नाही. आज क्रमाने लिहिते.
शेवटची दोन-तीन मिनिटं. आमची साइड मागे. हेमा बॉल घेऊन कडेने सुटली. मी झेपावले, डावा घोटा दोन्ही हातांत आला. ती तोंडावर पडली. उठायला बघत होती. वरून तिच्याच बाजूच्या दोघी येऊन आदळल्या, शिट्टी झाली, आणि पाय गेला. ओली काडी मोडते तसं. हाताला आधी कळलं, आवाज नंतर आला. पाऊल एका बाजूला, गुडघा दुसऱ्या. तिच्या तोंडात माती होती म्हणून ओरडणंही नीट निघालं नाही. एक पोरगी तिथेच ओकली.
सर म्हणाले, "सीटी नहीं सुनी?"
"नहीं सर. नीचे थी, शोर था."

१२ नोव्हें.
लिस्ट लागली. माझं नाव. सर म्हणाले, अॅक्सिडेंट था, भूल जा.
दवाखान्यात गेले. रॉड टाकलाय. हेमाची आई तिची वेणी घालत होती.
हेमा म्हणाली, "तुले शिट्टी ऐकू नाई आली ना?"
"नाई आली."
"मले वाटलंच. माय म्हणे विचार, म्हणून विचारलं."
मग मोसंबी सोलून अर्धी मला दिली. खाल्ली मी.

१४ नोव्हें., किरनापूर
घरी आले. मंडई भरली आहे, दिवाळीनंतरची गावजत्रा. बाबा भेटेल त्याला सांगतात, पोट्टी कॅम्पला चालली. हेमाचं सांगितलं तर म्हणाले, "खेळात हड्डी मोडतच राह्यते. या रामूचा पाय मी नाई मोडला काय, याच मंडईच्या कबड्डीत? आता बसून राह्यलो ना संग चहा पीत?"
रामूकाका शेजारीच बसले होते. हसले. बशीतला चहा संपवला आणि लंगडत दुकानाकडे गेले.
हा किस्सा लहानपणापासून शंभरदा ऐकलाय. मीही हसायची.

१५ नोव्हें.
रामूकाकांच्या सायकलच्या दुकानात गेले. पंक्चर काढत होते. विचारलं, "काका, तवा शिट्टी झालती काय?"
मान वर केली नाही. "झालती."
"बाबानं आयकली?"
"आयकली. मी सोड म्हटलं, तेबी आयकलं. अख्ख्या मंडईनं आयकलं."
"मंग त्यायच्यासंग चहा काहून पिता?"
"गावात राह्यचं हाय ना बाई." ट्यूब पाण्यात बुडवली, बुडबुडे बघत राहिले. "एकडाव तरी म्हणून टाकाले पाह्यजे होतं त्यानं, आयकलं होतं म्हणून. एवढी वर्सं रोज बसते. रोज वाटते, आज म्हणन."

१६ नोव्हें.
शिट्टी ऐकली होती.
स्वच्छ ऐकली. हेमा "सोड ना" म्हणाली, तेही ऐकलं. त्यानंतर दोन आकडे मोजता येतील इतका वेळ धरून होते. सवयीमुळे, असं लिहिणार होते. पण सवय तर रोजचीच, आणि सर ओरडले की मी सोडतेच. त्या दिवशी सोडलं नाही. पाय मोडावा असं मनात नव्हतं. उठू नये एवढंच होतं.
स्वतःची शिसारी आली. तरी कॅम्पची बॅग भरली.

२५ नोव्हें., कॅम्प, भोपाळ
अंग काळंनिळं. इथल्या मुली दगड आहेत. एकीचा दात माझ्या खांद्यावर आपटून पडला, मातीत शोधला तेव्हा मिळाला.
दुपारच्या मॅचमध्ये एका धिप्पाड मुलीने माझा घोटा धरला. पडले. शिट्टी झाली. तिने सोडला नाही. वरून कोणी आलं असतं तर गेलाच होता. खाली पडलेल्याला शिट्टी फार मोठी ऐकू येते.
मी वळून कोपर घातलं तिच्या नाकावर. एकदा. मग पुन्हा. रक्ताने दोघींचे हात निसरडे झाले, तेव्हा सुटला. मला बाहेर काढलं. वाटलं, आता घरी पाठवतात. संध्याकाळी कोच म्हणाले, "गुस्सा अच्छा है, बस काबू में रख." पहिल्या बारा जणींत घेतलं.
आनंद झाला. खोटं कशाला लिहू.

२७ नोव्हें.
हेमाचा मेसेज. जर्सी घालून फोटो पाठव, मायला दाखवायचा आहे.
जर्सी घातली. फोटो काढला. पाठवला नाही.

२८ नोव्हें.
सकाळी प्रॅक्टिसच्या आधी मैदानाच्या कडेला बसून फोन लावला.
"हौ, बोल," म्हणाली. "फोटो नाई पाठवला वो?"
म्हटलं, "हेमा, मले शिट्टी ऐकू आलती. तू सोड म्हटलं, तेबी. मी सरालेबी सांगीन आजच."
तिने फोन ठेवला नाही. मागे तिच्या आईची भांडी वाजत होती. मग आई जवळून म्हणाली, "कोण हाय?" हेमाने तिलाही उत्तर दिलं नाही.
इकडे शिट्टी झाली. सगळ्या पळत आत गेल्या. कोचने माझं नाव घेतलं, दोनदा. मी फोन कानाला धरून तिथेच बसून होते.