सगळ्याला आठ

प्रिय मारिट,

हे पत्र तुझ्या धावण्याच्या बुटात ठेवतेय. उशीखाली ठेवून उपयोग नव्हता, हल्ली तू झोपतेस कुठे!

कॉलेजचं पहिलं वर्ष आठवतं? सकाळी सहाच्या आत धावण्याच्या संघातल्या प्रत्येकीने फोनवर ती प्रश्नावली भरायची: झोप, भूक, आनंद, प्रत्येकाला दहापैकी गुण. पाचाच्या खाली गेलं की डॉक्टरांकडे रवानगी आणि धावणं बंद. तूच मला शहाणं केलंस. म्हणालीस, "सगळ्याला आठ टाक. दहा टाकलेस तर कोचला संशय येतो." किती हसलो होतो आपण. पुढे तुला पहाटे उठवेना, तेव्हा तुझे आठही मीच टाकायला लागले. मैत्रिणीसाठी एवढं करायलाच हवं, असं मला वाटायचं.

त्या आठांमागे काय चाललंय ते मला दिसत होतं गं. जेवणघरात तू बदाम मोजून घ्यायला लागलीस, आधी बारा, मग सात. लंगडायचीस, आणि मी बघतेय म्हटलं की सरळ चालायचीस. तुझे बाबा विस्कॉन्सिनहून चार तास गाडी हाकत येतात आणि शर्यतीच्या दोरीपलीकडे उभे राहून तुला जोर यावा म्हणून गोठ्यातली गाईची घंटा वाजवतात. पूर्वी ती ऐकली की तुझे पाय सुटायचे. गेल्या शर्यतीत ती ऐकून तू डोळे मिटलेस. मी घाबरले होते.

मंगळवारी स्टेडियमच्या सगळ्यात वरच्या पायरीवर तू थांबलीस. खाली बघत शांतपणे म्हणालीस, "इथून पडले ना, तर शनिवारच्या शर्यतीत धावावं लागणार नाही." मी म्हटलं, "चल, नाटकी कुठली." तू हसली नाहीस. तेव्हापासून जिन्यावर मी तुझ्या पुढे चालते. आणि तरीही बुधवारी सकाळी मी तुझे आठच टाकले. त्याची मला लाज वाटते.

आज मी खरं भरलं. झोप दोन, भूक एक, आनंद शून्य. खालच्या चौकटीत, जिथे आपण कुणीच कधी काही लिहीत नाही, तिथे तुझं पायरीवरचं बोलणं लिहिलं. शनिवारी तुझ्या जागी दुसरी कुणी धावेल. डॉक्टरीणबाई खोलीवर यायला निघाल्यात. बाबाही निघालेत, घंटा घरीच ठेवून. माझ्यावर चीड, हवं तर आयुष्यभर बोलू नकोस. पण त्या येईपर्यंत खोलीतच थांब. मी दाराबाहेर, जिन्याच्या तोंडाशी बसलेय.

तुझीच,
बेथनी