छप्पन नंबरची चकती

बाबा, तुमचा हाऊजीचा डबा परवा कपाटावरून खाली काढला. झाकण इतकं गंजलंय की उघडायला चमचा लावावा लागला. आतलं सगळं मात्र जिथल्या तिथे होतं. सागवानाच्या नव्वद चकत्या, आईच्या जुन्या लुगड्याची दुहेरी शिवलेली पिशवी, नव्वद चौकटींचा घडीचा पुठ्ठा, उरलेल्या तिकिटांची वही, वसतिगृहाचा रबरी शिक्का आणि वाळून खडक झालेलं स्टॅम्पपॅड. तुम्ही गेल्यावर बंद पडलेला खेळ अठरा वर्षांनी पुन्हा होणार आहे, येत्या रविवारी, मुलींच्या वसतिगृहाच्या वाचनालयासाठी. कमिटीतली पोरं म्हणाली, "म्याडम, मोबाइलवर नंबर निघते. बटन दाबलं का झालं. डबा काऊन पायजे?" मी ठणकावून सांगितलं की नंबर निघेल तो पिशवीतून, नाहीतर मी येणार नाही. तुमचाच हेका, दुसरं काय. घरी आले, डबा मांडीवर घेतला आणि मग घाबरले, कारण या डब्यात एक खोट आहे आणि ती फक्त मला माहीत आहे.

या चकत्या केल्यात तेव्हा तुम्ही लाकूड कापायच्या आरामशीनवर कामाला होतात. गोल दांड्यांचे उरलेले तुकडे मालकाला विचारून घरी आणायचे आणि अंगणात बसून चकत्या पाडायच्या, असं तुमचं महिनाभर चाललं होतं. आई वैतागली होती, भुसा तांदळात येतो म्हणून. दीडेकशे पाडल्या आणि त्यातल्या एका वजनाच्या नव्वद निवडायला तुम्ही सोनाराकडे गेलात. तो हसला, "भाऊ, लाकूड तोलून राह्यले का सोनं?" तुम्ही म्हणालात, "हाताले नंबर समजला नाई पायजे, बस." कोरला तर बोटाला कळेल म्हणून नंबर शाईने, एकाच बाजूला लिहिले. आणि दर वर्षी खेळाआधी कडा आणि पाठ पॉलिश पेपरने घासून सगळ्या सारख्या खरखरीत करायच्या, हे ठरलेलंच. इतकं कोण करतं हो, पंचवीस-तीस बक्षिसांच्या खेळासाठी?

वसतिगृहाच्या मदतीसाठी खेळ ठेवायचा म्हणून परवानगीचा अर्ज घेऊन कचेरीत गेलात तेव्हा मी सोबत होते. अर्जाला तुम्ही सामानाची यादी जोडली होती, पिशवीच्या शिलाईपर्यंत. साहेब म्हणाले, हा तर जुगार झाला, लोकांना कशाला नाद लावता. तुम्ही वाद घातला नाही. चकत्या त्यांच्या टेबलावर ओतल्या, पुन्हा पिशवीत भरल्या आणि पिशवी पुढे केली. "डोळे मिटा साहेब, हात घाला, आन् बाहेर काढायच्या आंधी नंबर सांगा." साहेबांनी तीनदा प्रयत्न केला, तीनदा चुकले, आणि हसत सही केली. परत येताना तुम्ही सायकल चालवत होता आणि मी मागे बसून तुमच्या पाठीकडे बघत होते. माझा बाप कोणी मोठा माणूस आहे असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

पण खोट तुमच्याच हाताने आली, बाबा. आजोबा छप्पन साली बैलगाडीने चांद्याला गेले आणि बाबासाहेबांकडून धम्माची दीक्षा घेऊन आले, ही गोष्ट आपल्या घरात जेवणाइतकी नेमाने व्हायची. खेळात छप्पन निघाला की तुम्ही चकती आधी कपाळाला लावायचे, मग पुकारायचे, "छप्पन!" अख्खा हॉल म्हणायचा, "जय भीम!" पुढच्या बाया हात पसरायच्या, "इकडं द्या ना भाऊ," आणि ती चकती ओळीओळीतून, कपाळाकपाळाला लागून परत यायची. गोंडपिपरीहून येणारी शेतकरी मंडळी आपल्यातली नव्हती, तीही लाडाने हातात घेऊन पुढे द्यायची. वर्षानुवर्षं त्या चकतीला तेल लागलं, घाम लागला. शाई तुम्ही पुन्हा पुन्हा भरलीत, पण पॉलिश पेपर लावायच्या दिवशी तेवढी बाजूला ठेवायचात. मी विचारलं तर म्हणालात, "इले नाई घासवत व माह्यानं." एवढा काटेकोर माणूस, आणि इथे तुमचा हात अडला.

माझं डी.एड. झालं त्या वर्षी तुम्ही पुकारत होता आणि पिशवीत हात माझा होता. फुल हाऊसला शिलाई मशीन ठेवली होती. वसतिगृहात स्वयंपाक करणाऱ्या बाईंचा एकच नंबर उरला होता आणि त्या उभं राहून सांगत होत्या, "मले छप्पन पायजे, भाऊ. फकत छप्पन." मशीन मिळाली तर चुलीच्या धुरातून सुटेन, घरीच बसून कपडे शिवीन, असं त्या महिनाभर बोलून दाखवत होत्या. मी हात घातला. पहिल्यांदा बोटाला लागली तीच, गुळगुळीत. बाबा, मला कळलं. तुम्ही शिकवलं होतं, आधी लागेल ती काढायची, निवडायचं नाही. पण कळल्यावर काढली तर ती लबाडी होईल असं मला वाटलं आणि मी ती सोडून दिली. शेजारची काढली. एकतीस. मागून एक गृहस्थ ओरडले, "झालं!" ते बायकोला घ्यायला म्हणून आले होते आणि सहज तिकीट घेऊन बसले होते. त्यांच्या घरी त्या मशीनवर पुढे टीव्ही ठेवलेला मी पाहिला. बाई खाली बसल्या आणि म्हणाल्या, "जाऊ दे माय, नाई तं नाई." दुसऱ्या दिवशी पहाटे त्या चुलीपुढे होत्या.

सोडणं हेही निवडणंच होतं, हे मला घरी येईपर्यंत कळलं नाही. तुम्ही जेवताना विचारलंत, "तुहा हात काऊन थांबला होता व?" मी म्हणाले, "चिकटून राह्यल्या होत्या, बाबा." तुम्ही विश्वास ठेवला. पुढचे तीन दिवस चकत्या उन्हात वाळत घातल्या, एकेकीला पावडर लावली, पिशवी धुतली, आणि कमिटीपुढे उभं राहून सांगितलंत की सामान नीट ठेवलं नाही, चूक माझी आहे. मी दारात उभी राहून ऐकत होते. तेव्हा बोलले नाही, नंतरही नाही, आणि मग तुम्ही गेलात.

काल त्या बाई आल्या होत्या. आता काठी घेऊन चालतात, पण खेळ होणार कळल्यावर पहिलं तिकीट न्यायला स्वतः आल्या. म्हणाल्या, "मले एकच दे माय. ज्याच्यात छप्पन हाये, थे." मी दिलं. यंदा फुल हाऊसला कुकर आहे. रात्रभर मनात येत राहिलं की चकती गुळगुळीत आहे, हात माझाच आहे, त्यांचं देणं फेडता येईल, आणि कोणाला कळणार आहे. सकाळी उठले आणि स्वतःची लाज वाटली. एक तर मोबाइल घ्यायचा, नाहीतर तुम्हाला जमलं नाही ते करायचं.

आज दुपारी पॉलिश पेपर आणला. छप्पनची चकती कपाळाला लावून घेतली आणि घासली. कडा, मग पाठ. पिवळसर भुसा पडला, तुमच्या हातचं तेल होतं त्यात. तो या कागदात बांधून डब्याच्या तळाशी ठेवते, कारण पत्र टाकायचं कुठे हे मला तरी कुठे माहीत आहे. रविवारी जो नंबर निघेल तो निघेल. बाईंना मात्र खेळ संपल्यावर, कुकर मिळो न मिळो, सगळं सांगणार आहे.

मग नव्वदही चकत्या पिशवीत भरल्या, डोळे मिटले आणि त्या साहेबांसारखा हात घातला. पाचदा घातला, पाचही वेळा छप्पन ओळखता आली नाही. म्हणजे काम नीट झालं. पण खरं सांगते बाबा, सहाव्यांदा हात घातला तो तपासायला नव्हता, तुमची ती गुळगुळीत चकती अजून कुठे बोटाला लागते का, म्हणून होता.