तळाशी दुसऱ्याचं नाव

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

फोनवरच्या एका ग्रुपवरून घेतलेलं ई-पुस्तक उघडलं. प्रत्येक पानाच्या तळाशी बारीक अक्षरात — 'ही प्रत केवळ ज्योतीराम गराडे यांच्यासाठी'. पैसे माझे, नाव दुसऱ्याचं! पान ४३च्या समासात हाताने लिहिलंय: 'हे स्वरूपाला वाचून दाखवायचं.' कुणाच्या घरात चपला न काढता शिरल्यासारखं झालं.

कंपनीत प्रमाणपत्र नसलेला पार्ट मी आत घेत नाही. इथे काहीच तपासलं नाही. स्वस्त होतं, एवढंच.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

प्रकाशकाला कळवलं. सवयीने रिजेक्शन रिपोर्टच बनवला — अख्ख्या पान ४३चा फोटो, नावाभोवती लाल गोल, बाजूला 'दोष'.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

उत्तर आलं. गराडेंचं खातं बंद केलंय; माझी प्रत नष्ट करावी. लगेच पुसली. पुस्तक रीतसर विकत घेतलं. तळाशी आता माझं नाव. पान ४३चा समास कोरा. नजर तरी तिथेच जाते.

सोमवार, १० नोव्हेंबर

डबा खाताना दिग्विजयला सांगितलं — माझ्याच टेबलावर तपासणीला असतो.

"गराडे? आपल्याच कंपनीतले, प्रेस शॉप विभागातले, राव. मागच्या दिवाळीआधी गेले की."

गेलेल्या माणसाच्या नावावर मी 'दोष' लिहिलं.

रविवार, १६ नोव्हेंबर

दिग्विजयकडून पत्ता घेऊन चिंचवड गावठाणात गराडेंच्या घरी गेलो. तक्रार मीच केली, हे स्वरूपाताईंना दारातच सांगितलं. तरी चहा ठेवला त्यांनी. नवऱ्याचा टॅब चाकणच्या एका दुकानात विकला होता. पुस्तक तिथूनच बाहेर पडलं असणार. त्या स्वतः फोनवर, नवऱ्याच्याच खात्यातून वाचायच्या. रोज एकच पान — संपू नये म्हणून. समासात त्याचं अक्षर भेटायचं. खातं बंद झालं तेव्हा पान ३८ झालं होतं.

"मग तुमच्याकडची प्रत द्या," म्हणाल्या.

ती तर मी पुसली होती. प्रकाशकाला लिहितो, म्हणालो.

बुधवार, १९ नोव्हेंबर

खातं पुन्हा उघडा म्हणून प्रकाशकाला लिहिलं होतं. मृत व्यक्तीचं खातं वारसाला देता येत नाही म्हणे. नियम बरोबर असेल. मीही बरोबरच होतो ना!

कंपनीच्या बसमध्ये एकदम आठवलं — रिपोर्टचा फोटो. तो पुसलेला नाही.

रविवार, २३ नोव्हेंबर

फोटो नेला. स्वरूपाताईंनी फोन परत माझ्याच हातात ठेवला. "तुम्हीच वाचा."

पान वाचलं. समासातली ओळही वाचली. थांबलो.

"खालचं नावही वाचा."