बारीक तारेची तक्रार

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा, बोटांना लागलेल्या सरसासकट, नमस्कार. (वाकून करणार होतो, पण कंबर परवापासून संपावर आहे. कारण पुढे येईलच.) भावोजींचा गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून प्रत्येक पायरीला नावं ठेवतात का? मी विचारलंय म्हणून त्यांना सांग, आणि जमलं तर गुडघ्यालाही सांग. तुझी भावजय मजेत आहे. माझ्यावर चिडलेली आहे, म्हणजे मजेतच आहे.

पत्रास कारण की, मी तुझी बेस गिटार दुरुस्त केली. आता लगेच पत्र खाली ठेवून फोन उचलू नकोस. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून तर लिहायला बसलो.

झालं असं, की मंगळवारी तुमच्या बँडमधली ड्रमवाली दुकानात आली. टेलिफोन ऑफिसातल्या तुम्हा चौघींचा जुना फोटो तिला फ्रेम करून हवा होता. पुढच्या महिन्यात ऑफिसच्या जुन्या मंडळींचं संमेलन आहे म्हणे, आणि तिथे तुम्ही चौघींनी वाजवायचं घाटतंय. चौघींनी म्हणजे तिघींनी, कारण तू नाही म्हणालीस. "बोटांत जोर राहिला नाही म्हणते हो," ती म्हणाली, "आणि बेस नसला की मी नुसते डबे बडवतेय असं वाटतं." मी "हं" म्हटलं आणि फ्रेमची पट्टी चुकीच्या मापाने कापली. (अठ्ठावीस वर्षांत दुसऱ्यांदा. पहिली तुझ्या लग्नाच्या फोटोची. भावोजींचा एक कान फ्रेमच्या पट्टीखाली गेला तो तेव्हाच.)

ती गेल्यावर मी माळ्यावर चढलो आणि गिटार काढली. (कंबर तिथेच गेली.) अकरा वर्षांपूर्वी "ठेव तुझ्याकडेच, माझ्याच्यानं आता होत नाही" म्हणून तू देऊन गेलीस, ती तशीच पेटीत होती. पुसली, तारा सुरात आणल्या, तुझा तो स्पीकरचा जडशीळ खोका जोडला आणि एकेक तार छेडली. जाड तार बरी बोलली. बारीक तार मात्र कुजबुजली. मग चष्मा लावून पाहिलं. तारांखाली जी काळी पट्टी असते, पिकअप म्हणतात तिला, तिच्यात प्रत्येक तारेसाठी चुंबकाची एक टिकली असते हे तुला मी काय सांगणार. तार तिच्या डोक्यावरून जायला हवी. तुझ्या तारा टिकल्यांना ओळख न दाखवता शेजारून चालल्या होत्या, आणि बारीक तार तर दांडीच्या पार कडेला गेली होती.

आता मी पडलो फ्रेमवाला. आमच्या धंद्यात जे मध्यावर नाही ते वाकडं. मी फूटपट्टी घेऊन गिटारीच्या दोन्ही कडांपासून मापं काढली आणि थक्क झालो. तारा जिथे अडकवतात तो ब्रिज चक्क मध्यावर नव्हता! बनवणाऱ्याला साधा मध्य काढता येत नाही, असं मी चारचौघांत बोलून दाखवलं. (चारचौघं म्हणजे तुझी भावजय.) ती म्हणाली, "अहो, गिटारीचा एक खांदा वर आहे, एक खाली. मध्य कसला काढताय?" पण मी ऐकतोय कुठला. ब्रिज काढला आणि बरोब्बर मध्यावर बसवला. तारा चढवल्यावर एकही तार एकाही टिकलीवर नव्हती आणि बारीक तार दांडी सोडून हवेत लोंबत होती. मी म्हटलं, गिटारच मुळात सदोष आहे. तुझी भावजय म्हणाली, "नाचता येईना, अंगण वाकडं." आणि दार लावून आत गेली.

तेवढ्यात शेजारचा सायकलवाला चिकटपट्टी मागायला आला. त्याने गिटार उचलली, एक डोळा मिटून दांडीवरून नजर टाकली आणि म्हणाला, "ब्रिज होता तिथे ठेवा आधी. ही पडलीय कधीतरी. हँडल फिरलंय."

मी म्हटलं, "छे! पडेल कशी?"

"साहेब, पडलेली वस्तू सायकलवाल्याला कळते," एवढं बोलून तो कामाला लागला. तारा सैल केल्या, ब्रिज जुन्या भोकांवर परत बसवला, मागचे दांडीचे चार स्क्रू किंचित ढिले केले, पुढचं चाक धरावं तसं गिटारीचं धड गुडघ्यांत धरलं आणि दांडी हलकेच ओढली. सरकली असेल तांदळाच्या दाण्याएवढी. मी स्क्रू आवळले. तारा पुन्हा सुरात लावल्या, तर प्रत्येक तार आपापल्या टिकलीवर! बारीक तार अशी खणखणली, की तुझी भावजय राग विसरून बाहेर आली. ऐकलं, माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "आता ताईंना पत्र लिहा. आणि नीट लिहा."

कळावे. लोभ आजवर होताच. पत्र संपल्यावर किती उरला ते कळव.

तुझा,
धाकटा

ता. क. : ब्रिजच्या कडेला जास्तीची भोकं आहेत. मेण भरून वर रंग लावलाय. शोधू नकोस, सापडतील.

ता. क. दुसरा : सायकलवाल्याला मी 'छे' म्हटलं ते खोटं होतं. तू गिटार कायमची देऊन गेलीस त्याच्या काही महिने आधी, तुझ्या घराला रंग लागत होता तेव्हा, तू ती आठवडाभर दुकानात ठेवली होतीस. मी ती ऐटीत फ्रेमच्या दोरीने भिंतीवर टांगली. खिळा माझा, गाठही माझीच. दुपारी धाडकन पडली. ओरखडा दिसला नाही, म्हणून पुसून ठेवली आणि गप्प बसलो. मग बारीक तार दबकी वाजायला लागली, तू जोर लावून लावून बोटांना फोड आणलेस, आणि एकदा आमच्याकडे जेवताना म्हणालीस, "माझं वय झालं रे." मला तेव्हाच शंका आली होती. मी तुझ्या भांड्यात पाणी ओतलं आणि विषय बदलला. त्याची लाज मला अजून वाटते.

ता. क. शेवटचा : ड्रमवालीला मी अजून काही बोललेलो नाही. फोटोची फ्रेम मात्र तयार असूनही मुद्दाम रोखून ठेवली आहे, होकारासकट तूच तिला नेऊन द्यावीस म्हणून. शनिवारी ये. आधी मला मनसोक्त झाप, मग गिटार घे. तुझ्या भावजयीने मला ऐकवलेली ती म्हण तू अकरा वर्षं स्वतःला लावून घेतलीस. ताई, तुला नाचता येत होतं गं. अंगण खरंच वाकडं होतं, आणि ते मी वाकडं केलं होतं.