ज्वारीच्या कोठीतलं भिंग

मी, खाली अंगठा उठवणारी, दगडाबाई भ्र. केरबा सोरमारे, वय आधार कार्डाप्रमाणे पंच्याहत्तर (कार्डवाल्यानं माझ्या तोंडाकडं बघून टाकलेलं), धंदा पूर्वी मेंढरं वळणे, हल्ली बसून राहणे, राहणार मिटमिटा, छत्रपती संभाजीनगर, हे मृत्युपत्र माझ्या राजीखुशीनं, कोणाच्याही दाबाखाली न येता सांगते आणि वकीलबाई रत्नमाला वाकळे ते लिहून घेतात. मला अक्षर येत नाही. ‘भ्र.’ म्हणजे भ्रतार, असं बाईंनी समजावलं. केरबाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी कागदावर माझ्या नावाला चिकटून बसलाय. बसू द्या. हयातीत एका जागी कधी बसला नाही.

माझी शुद्ध जागेवर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. डोकं ठीक, पाय ठीक नाहीत. साखरेनं तळपाय बधिर झालेत. मागच्या उन्हाळ्यात गच्चीवरचे पापड आणायला अनवाणी गेले. खाली आल्यावर नातीनं तळव्याचे फोड दाखवले तेव्हा समजलं. दुखलं काहीच नाही.

बाई म्हणाल्या, “आजी, हे मृत्युपत्रात बसत नाही.”

“बसवा,” मी म्हणाले. “जागा तुमची नाय, कागद माझा हाय.”

माझ्या मागं मुलगा बद्रीनाथ, सून कडूबाई आणि नात दिपाली. नातू सत्यम होता. तो चार वर्षांमागं गेला. लग्नाची ऑर्डर करून, कॅमेरा पोटाशी धरून, मित्राच्या मोटारसायकलवर मागं बसून येत होता. लिंक रोडला मागून ट्रकनं उडवलं. मित्र वाचला, कॅमेरा वाचला. त्या दिवशी घरात माणसं भरली, त्यांना जेवायला पाहिजे म्हणून मी भाकरी थापत बसले. बाया आपसात म्हणाल्या, म्हातारी रडली कशी नाही. पायाचं तेच वर चढलं असेल. डॉक्टरला विचारायचं राहूनच गेलं.

कलम पहिलं, घर. बहात्तरच्या दुष्काळात मी आणि केरबा कन्नडकडून मेंढरं घेऊन निघालो. वाटेत निम्मी मेली. खडी फोडायच्या कामावर राहिलो, मग पुन्हा चार मेंढरं जमवली आणि या माळावर वाडा टाकला. तेव्हा इथं कोण विचारायला नव्हतं. पुढं प्लॉटिंगवाले आले, चुन्यानं रंगवलेले दगड रोवून गेले. मेंढरं त्या दगडांना अंग घाशीत. शेवटी ज्या माळावर फुकट बसायचो त्याचाच तुकडा केरबानं विकत घेतला, आणि त्यावर हे घर झालं. ते माझ्या नावावर आहे. माझ्या माघारी ते बद्रीनाथचं. गच्चीचं भोक त्यानं पावसाळ्याआधी बुजवावं. पाऊस पडेलच असं नाही, तरी बुजवावं.

कलम दुसरं. लोकर कातरायची कातर बद्रीनाथला. तिला धार आहे. घोंगडी कडूबाईला, तिला टोचते म्हणून ती नको म्हणते, तरी तिलाच.

कलम तिसरं, निळा ड्रम. टँकरच्या दिवसांत शेजारची भामाबाई रांगेत माझा ड्रम घेऊन गेली. तिचं म्हणणं, तो तिचाच होता आणि मीच आधी नेला होता. यावरून आमचं बोलणं बंद. टँकरवर मात्र एकमेकींचा नंबर धरतो, न बोलता. शेवटी पंचांनी ड्रम माझ्या दारात आणून ठेवला. तो ड्रम मी भामाबाईला देते. तिचा नाही, तरी देते.

इथं वकीलबाईंनी पेन थांबवलं. भामाबाई साक्षीदार आहेत, साक्षीदाराला काही देऊ नये, पुढं वाद निघतात, असं त्या म्हणाल्या.

“मग साक्षीदार दुसरं घ्या,” भामाबाई दारातून म्हणाली. “मला ड्रम पाहिजे.”

“नाय. साक्षीला हीच पाहिजे. ही माझ्या बाजूनं कधीच खोटं बोलणार नाय.”

बाई म्हणाल्या, “मग ड्रम आजच देऊन टाका. हयातीत दिलेल्याचा मृत्युपत्राशी संबंध नाही.”

मला हे आधी माहीत नव्हतं. ड्रम आज दिला. तिसरं कलम खोडावं. भामाबाईनं तो तिथल्या तिथं उलटा करून बूड तपासलं, हेही लिहावं.

कलम चौथं, कॅमेरा. हे लांब आहे, चहा ठेवा.

कॅमेरा सत्यमनं वापरला, पण तो माझा आहे. माझे चांदीचे वाळे मोडून घेतला. दुकानात नाव विचारलं तर गाढवानं माझं सांगितलं. पावतीवर दगडाबाई सोरमारे. नंतर वर्षभर फोन यायचे, “मॅडम, आपला कॅमेरा कसा चालू आहे?” मी सांगायचे, “चरतो बरा, दूध देत नाय.” सत्यम लोळून हसायचा.

सत्यम गेल्यावर बद्रीनाथनं तो लोखंडी कपाटात ठेवला, कपाटाला कुलूप, चावी करदोट्याला. कपाट कूलरच्या खिडकीला लागून. वर्षातून एकदा, खंडेनवमीला, कातर, कोयता, पाना, सगळी हत्यारं मांडतो, त्यात कॅमेरा ठेवतो. हळदकुंकू वाहतो, झेंडूची ओली माळ घालतो. दुसऱ्या दिवशी कोयता उसाला जातो, पाना कंपनीत जातो, कॅमेरा कपाटात जातो. आमच्यात हत्याराची पूजा ते दुसऱ्या दिवशी चालावं म्हणून करतात. याचा तेवढा देव झाला.

दिपाली लग्नांत दुसऱ्या फोटोवाल्याचा दिवा धरून उभी राहते. काम शिकली, पण स्वतःचा कॅमेरा नाही. मागच्या खंडेनवमीला तिनं भिंगाकडं बघितलं आणि म्हणाली, “बाबा, आत बुरशी आली. जाळं धरलं बघा.”

बद्रीनाथ म्हणाला, “हात लावू नको.”

ती म्हणाली, “ठेवून ठेवून मारलात त्याला.” कॅमेऱ्याला म्हणाली. पण त्यानं दुसरंच ऐकलं. तेव्हापासून बापलेक एका ताटलीतलं मीठ घेतात आणि बोलत नाहीत.

आता भिंगाचं. एकदा दिपाली फोनवर कुजबुजत होती, “मला पन्नासची लेन्स पाहिजे, पण घरी कसं सांगू?” मला वाटलं, पोरीचे डोळे गेले. लग्नाची पोर, स्थळं बघणं चालू, चष्मा लागला म्हणून लपवू राहिली. मी कोणाला न सांगता रिक्षावाल्या सांडूला घेतलं आणि गुलमंडीला चष्म्याचं दुकान गाठलं. दुकानदार म्हणाला, नंबर किती? मी म्हणाले, पन्नास.

“आजी, पन्नास नंबरवाला माणूस अजून जन्मायचाय.”

“माझी नात हाय. चालती बोलती हाय. भाकरी जाळत नाय.”

त्यानं खुर्ची दिली, पाणी दिलं. सांडू तोंडात रुमाल कोंबून बाहेर गेला आणि त्यानं दिपालीला फोन लावला. ती आली आणि तिथं फुटपाथवर खाली बसून हसली. सत्यम गेल्यापासून आमच्या घरातलं कोणी तसं हसलं नव्हतं. मग ती मला खऱ्या दुकानात घेऊन गेली. म्हणाली, नुसतं बघायचं.

दुकानात दोन भिंगं काढली. एक लांबडं, तोफेसारखं. दुसरं आखूड, चहाच्या कपाएवढं, तेच पन्नासचं. दुकानदारानं आपल्याच एका कॅमेऱ्याला आधी लांबडं लावलं आणि मला दाखवलं. रस्त्यापलीकडच्या माणसाच्या शर्टाची गुंडी दिसली. मी म्हणाले, हेच घ्या. पैसे तेवढेच जायचे तर माल जास्तीचा घ्यावा. शिवाय लांबून काम होतं, कोणाच्या अंगावर जायला नको.

दिपाली म्हणाली, “आजी, लग्नं रात्री मांडवात असतात. लांबडं भिंग अंधारात आंधळं होतं. हे आखूड उजेड लई पितं. अन् माणूस साफ दिसतो, मागची गर्दी विरघळते.”

“अन् गुंडी?”

“यात झूम नाय. लांबचं जवळ आणता येत नाय. आपणच जवळ जायचं.”

“म्हणजे पायानं चालवायचं भिंग.”

“व्हय.”

तिनं ते लावलं आणि माझ्याकडं रोखलं. आधी दुकानाच्या दारापर्यंत मागं गेली, मग एक एक पाऊल पुढं येत राहिली. एवढी जवळ आली की तिच्या केसांतल्या खोबरेलाचा वास मला आला. आमच्या घरी चार वर्षं सगळे एकमेकांपासून हातभर लांबून चालतात, जसं काही मधे ओली फरशी आहे. मी हलले नाही. मला काही वाटलं असं म्हणवत नाही. खोबरेलाचा वास आला, एवढं खरं.

तिनं भिंग परत दिलं. म्हणाली, “कॅमेराच कुलपात हाय. भिंग घेऊन काय, लोणचं घालू?”

पुढल्या आठवड्यात मी सांडूला घेऊन गेले आणि ते आखूड भिंग आणलं. दुकानदारानं पावती बघून कॅमेऱ्याला बसेल असं दिलं आणि बजावलं, कोरड्या जागी ठेवा, नाहीतर बुरशी येते. या घरात कूलरपासून लांब कोरडी जागा एकच, ज्वारीची कोठी. भिंग डब्यासकट ज्वारीत पुरलं आहे. कीड लागू नये म्हणून भोवती कडुनिंबाचा पाला घातला. राखही घालणार होते, सांडूनं हात धरला.

तर चौथं कलम असं: कॅमेरा आणि भिंग दोन्ही दिपालीचे. पहिल्या कलमातलं घर बद्रीनाथला मिळेल ते या अटीवर, की त्यानं माझ्या दहाव्याच्या आत कपाट स्वतःच्या हातानं उघडून कॅमेरा पोरीला द्यावा. नाही दिला तर घर भामाबाईला.

भामाबाई म्हणाली, “मी साक्षीदार हाय ना!”

बद्रीनाथ इतका वेळ उंबऱ्यावर पाठमोरा बसला होता. तो म्हणाला, “आई, हे कागदावर घालू नको.”

“वकीलबाई, थांबू नका. तो बोलतो तेही लिहा.”

“पोरगा लग्नाच्या ऑर्डरवरूनच येत होता.”

“व्हय.”

“हिला पण तसंच पाठवू? मध्यरात्री, कोणाच्या तरी गाडीवर?”

“त्याच लिंक रोडनं तू रोज कंपनीत जातोस. मी तुला कुलूप लावलं का?”

कडूबाई चहाचा ट्रे घेऊन मधेच उभी राहिली. दिपाली कोठीजवळ उभी होती. तिला भिंगाचं आत्ताच समजलं होतं. मी म्हणाले, “बद्री, तिला भाडोत्री गाडीवर जायला नको असेल तर तू ने. तुझी गाडी हाय. मांडवात जेवायलाबी मिळंल.”

तो उठून आत गेला. कपाटाचा दरवाजा खाली घासतो, तो आवाज सगळ्यांनी ऐकला. बाहेर येऊन त्यानं कॅमेरा माझ्या मांडीवर ठेवला. बटणांच्या फटीत कुंकू बसलेलं.

“पावती तुझ्या नावावर हाय,” तो म्हणाला. “तूच दे.”

मी दिला. चौथं कलम खोडावं. हयातीत दिलं, संबंध संपला. घर विनाअट बद्रीनाथचं.

दिपालीनं कोठीत कोपरापर्यंत हात घातला. “आजी, ज्वारीत? भिंगाला?” डबा निघाला. पाला वाळून गेला होता, भिंग कोरडं खडखडीत. जुनं बुरशीचं काढून बद्रीनाथनं हातात धरून ठेवलं. ते त्याचं. त्याला पूजेला काहीतरी पाहिजे. कॅमेऱ्याची बॅटरी मेलेली होती. ती भरेपर्यंत चहा झाला आणि उरलेली कलमं सांगून झाली.

कलम पाचवं. बँकेत असेल ते कडूबाईला. तिनं मला कधी उलट उत्तर दिलं नाही, त्याचा मला फार कंटाळा आला. पैसे हातात आल्यावर तरी द्यावं.

कलम सहावं. भिंतीवर सत्यमचा फोटो आहे, तो कॉलेजच्या ओळखपत्रावरून मोठा केलेला. सगळ्यांचे काढणाऱ्याचा कोणी काढलाच नाही. तो धूसर आहे, राहू द्यावा. माझा मात्र धूसर लावू नये.

कलम सातवं. अंमलबजावणी रत्नमालाबाईंनी करावी. खोडाखोडीपायी यात फारसं काही उरलं नाही, तेव्हा त्यांना त्रास नाही.

वरचा सगळा मजकूर बाईंनी मला मोठ्यानं वाचून दाखवला. दोन ठिकाणी त्यांनी माझं बोलणं सोज्वळ केलं होतं, ते मी परत बिघडवून घेतलं. बाकी बरोबर आहे. डाव्या हाताचा अंगठा देते. शाई गार आहे.

(अंगठा) दगडाबाई भ्र. केरबा सोरमारे

आमच्यासमोर अंगठा केला, आम्ही दगडाबाईंच्या समक्ष सही / अंगठा केला:
१. सांडू भाऊराव म्हस्के, रिक्षाचालक (सही)
२. भामाबाई रामकिसन गाडेकर, शेजारी, ड्रम मिळाला (अंगठा)

लिहून घेणार: ॲड. रत्नमाला वाकळे
स्थळ: मिटमिटा, छत्रपती संभाजीनगर
तारीख: १९ मे २०२४

टीप: मृत्युपत्रासोबत दगडाबाईंचा फोटो लावला आहे. तो दिपाली बद्रीनाथ सोरमारे हिने आजच, घरीच, जवळून काढला. फोटोत वरच्या दोन्ही कोपऱ्यांत जी बोटं दिसतात ती मुलगा बद्रीनाथ यांची आहेत. मागं पांढरं पाहिजे म्हणून चादर त्यांनी धरली होती.